चाकण गेट

आमच्या कंपनीत पद्मजाताईंना सगळे 'वाढपी' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. जीएसटी यायच्या आधीची, सेवाकराच्या दिवसांतली ही गोष्ट. पहारा, दुरुस्ती, सल्लागार, सगळ्यांची बिलं चिंचवडच्या आमच्या मुख्य कार्यालयात येत. त्यांवर भरलेल्या सेवाकराचं क्रेडिट भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांना वाटून देणं हे पद्मजाताईंचं काम. ज्याच्या पानात जितकं पडेल तितका त्याचा कर वाचे. सेवा दोघांची असेल तर उलाढालीच्या प्रमाणात वाटणी, एकाचीच असेल तर सगळं त्या एकाला.

आता वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीत बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतातच. आणि पद्मजाताईंचे यजमान विलासराव होते भोसरीच्या कारखान्यात, स्टोअरला. त्यामुळे ताई कायम धास्तावलेल्या. भोसरीचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायच्या. त्या कारखान्यात त्यांनी कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. मी शेजारच्या टेबलावर बसून चिडायचे. "अहो, चोरी केल्यासारख्या काय वागता?"

"जयमाला, वाढताना आपल्या माणसाच्या पानाकडे बघायचं नसतं," त्या म्हणायच्या.

एवढं करून व्हायचं ते झालंच. चाकणच्या कारखान्याचा हिशेब बघणारे शेखरराव एक दिवस आमच्या खात्याच्या मधुसूदन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. पहाऱ्याच्या बिलांवर 'चाकण गेट' असं स्वच्छ लिहिलेलं, आणि त्याचं क्रेडिट मात्र वर्षभर भोसरीला! "नवऱ्याच्या पानात वाढलं, दुसरं काय!" हे ते अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलले. माझा तर तिळपापड झाला.

साहेबांनी आत बोलावल्यावर पद्मजाताई एवढंच म्हणाल्या, "चाकण गेट भोसरीत आहे, सर."

"कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

सांगितलं होतं विलासरावांनी, कधीतरी जेवता जेवता. पण त्यांचंच नाव साक्षीला कसं घ्यायचं? साहेब म्हणाले, उद्या सगळे जाऊन बघू. तसं नसेल तर तुम्हाला हे टेबल सोडावं लागेल. टेबलाचं काय हो, दुसरं मिळतं. इतक्या वर्षांचं नाव गेलं की गेलंच.

दुसऱ्या दिवशी गाडीत ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. डोळे सुजलेले. "काल घरी यांच्याशी एक शब्द बोलले नाही गं," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, काही विचारलं तर उद्या म्हणतील, पढवून आणलंय."

भोसरीच्या कारखान्याच्या मागच्या गेटवर गाडी थांबली. वर नवी कोरी पाटी होती, 'गेट क्र. २'.

"झालं! कुठंय चाकण गेट?" शेखरराव म्हणाले.

पहाऱ्यावर सोनबा होता, इथल्याच गावातला म्हातारा. "पाटी कंपनीची हाय, साहेब. आमी चाकण गेटच म्हनतो. चाकणच्या समद्या गाड्या हितनंच सुटत्यात न्हवं?"

"हा विलासरावांनी शिकवलेला दिसतोय," शेखरराव म्हणाले.

नवऱ्याचं नाव निघालं मात्र, आणि पद्मजाताईंचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "शेखरराव, तुमच्या चाकणच्या कारखान्यात भोसरी गेट आहे ना?"

"आहे की. मागच्या बाजूला."

"त्याच्या पहाऱ्याचं क्रेडिट मी कुणाला देते?"

शेखररावांनी घसा खाकरला. "आम्हालाच."

"का? नाव तर भोसरीचं आहे. मग तेही भोसरीला द्यायला हवं होतं ना मी?"

साहेबांना हसू आवरेना. "अहो शेखरराव, पुण्याचा दिल्ली दरवाजा काय दिल्लीत आहे का? दरवाजा ज्या गावाकडे बघतो त्या गावाचं नाव लावतात, एवढंही सुचलं नाही आपल्याला! ताई, टेबल तुमचंच."

शेखररावांनी कान धरले. "चुकलं, ताई. तसं बोलायला नको होतं." माणूस वाईट नाही, जीभ तेवढी सैल. मी त्यांना आणखी दोन शब्द सुनावणार होते, पण माझाच जीव भांड्यात पडला होता, म्हणून सोडून दिलं.

सगळे गाडीत बसले. ताई मात्र गेटवरच उभ्या राहिल्या. पर्समधून फोन काढून त्यांनी नंबर लावला.

"अहो, मी तुमच्या चाकण गेटवर उभी आहे. बाहेर या, चहा घेऊ."

"तू? इथं?" फोनमधला विलासरावांचा मोठा, घाबरा आवाज मला गाडीच्या उघड्या खिडकीतून ऐकू आला. "काय झालं?"

"काही झालं नाही," ताई म्हणाल्या, आणि भर रस्त्यात रडायलाच लागल्या. "काही झालं नाही हो. तेच सांगायचंय."