अंगठ्याचा डाग
पत्र्याच्या डब्याचं तोंड डाख देऊन बंद करतानाचा वास आला, की अजून माझं डोकं तापतं. घराण्यातला पहिला बी.ए. मी, रत्नागिरीतल्या आंबरसाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात माल घेण्यावर होतो. मालक प्रत्येक हापूस अंगठ्याने दाबी आणि "डागी आहे" म्हणून भाव पाडी. अरे, रसच काढायचा, मग डागाचं काय? एकदा एक बागवाली कडाडली, "अंगठा तुमचा, नि डागी माझा आंबा होय?" तिने टोपली उचलली, मागोमाग साऱ्यांनी उचलल्या. "बी.ए., बघतोस काय? समजूत घाल त्यांची!" मालक ओरडला. "समजूत तुमची घालायला हवी," म्हणून मीही फाटकाबाहेर पडलो. घरी वडील म्हणाले, "एवढं शिकून हेच केलंस?" हो, हेच! आजही हेच करीन.