पाण्याला विचारणारी भागूआते

भागूआते पाण्यात पाय टाकायच्या आधी वाकून पाण्याला इचारायची, "येऊ काय गं बाय?" आमी पोरीबाळी हसायचो. तीबी हसायची. पण इचारल्याबिगर कदी उतरली नाय.

आमचं गाव कर्जतकडचं, नदीच्या काठाला. पावसाळी भात निघालं की बापये रानात कोळशाच्या भट्टीवर जायचे. माझा नवराबी जायचा. घरात मी नि दोन पोरं. होळीनंतर कंद उकडून खायाचे. तशात घाटाखाली विजेचा कारखाना झाला, नि त्यातनं सुटलेलं पाणी नदीला उन्हाळ्यातबी राहायला लागलं. भागूआते आमची शेजारीण, धनी गेलेली बाई. ती म्हणाली, "पाट काढू. उन्हाळी भात लावू."

वरच्या शेतातला लक्षुमणकाका हसला. "आगं भागू, त्या पाण्यातली वीज काढून घेतली. सत्त्व गेलं त्याचं."

"लोणी काढल्यावर तू ताक वतून देतोस काय रं?"

पाट खणला. तिनं आपलं बी पहिलं टाकलं. थंडीत ते कुजलं. "बघा, मी सांगत नवतो?" लक्षुमणकाका म्हणाला. लोकं कुदळी घेऊन घरी गेली.

दुसरी कुणी तोंड लपवून बसली असती. ही दारोदार गेली. "पाणी चांगलं हाय. चूक माजी. थंडीत बी तसंच टाकलं, ऊब देऊन मोड आणायला पायजे होते."

माझ्या कणगीत मिरगाच्या पेरणीपुरतं बी होतं. ते गेलं तर पुढचं सालबी गेलं. तिनं मागितलं नाय. उंबऱ्यावर बसली नि म्हणाली, "देशील तर रडत देऊ नको. मलाबी भ्या वाटतंय गं. पण उगवंल."

मी अर्धं दिलं. पोरं बघत होती.

बी भिजवलं, पेंढ्यात दडपलं, वर दगड ठेवले. मग एका सकाळी भागूआतेनं माझा हात धरून पेंढ्यात घातला. आत गरम. नि बोटांना मोड लागले.

त्या उन्हाळ्यात डोंगर करपलेला नि खाली आमचं भात हिरवं. लक्षुमणकाका बांधावर येऊन उभा राह्यला. "ये रं, ताक प्यायला," भागूआते म्हणाली. दुसऱ्या साली त्याचीच कुदळ सगळ्यांच्या पुढं. माझा नवरा भट्टीवर गेला नाय.

पाण्याच्या पाळ्या ठरल्या तवा लोकं म्हणाली, पहिली पाळी आतेची. तिनं शेवटची घेतली. "सगळ्यांचं भिजलं की येईल माझ्याकडं. नाय आलं तर समजायचं, कुणाचं तरी अजून कोरडं हाय."

ती गेली ऐन लावणीत. तिला पोचवून आलो. कुणी काय ठरवलं नवतं, पण लक्षुमणकाकानं वरच्या सगळ्या शेतांची तोंडं मातीनं बुजवली नि पाणी सरळ खाली सोडलं. तिचं शेत आधी भिजलं.

रोपांच्या जुड्या घेऊन मी बांधावर उभी राह्यले. पाय टाकायच्या आधी आपसूक वाकले.

"येऊ काय गं आते?"