चौकातल्या कांडीची ओटी

ती घटना आठवली की आजही मला माझंच हसू येतं. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत नवीकोरी फौजदार होते. खाकी साडीला कडक इस्त्री, आणि डोकं त्याहून कडक.

तिथल्या एका मंडळाने चौकात पांढऱ्या सिमेंटचं शिल्प उभारलं होतं. कापड विणायच्या लूमवरची, सूत भरलेली कांडी, माणसाहून उंच, मध्ये चांगली फुगीर. काही दिवसांतच तिच्यावर तेलकट, पिवळे डाग पडू लागले. तरुण शिल्पकार रडवेला होऊन ठाण्यात आला. "बाई, डाग घासताना वरचा थरच निघतोय. आणि पुन्हा डाग दिसले तर मंडळ शिल्प काढून टाकणार आहे."

मी तक्रार नोंदवून घेतली, खबरे पेरले. चौकातला चहावाला म्हणाला, "मॅडम, मंगल को आके देखो. औरतें आती हैं, थैली में बाटली रहती है." बाटली म्हणजे ॲसिडच, हे मी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी शिट्टी फुंकत धाड घातली. हाती लागल्या कारखान्यात कांड्या भरणाऱ्या चार बायका. त्यांची पुढारीण जवळच्या कोन गावची एक म्हातारी सुईण. बाटलीत निघालं खोबरेल. पिशवीत हळद, कुंकू, खण, नारळ. तरी मी ऐटीत पंचनामा केलाच.

ठाण्यात बाकावर बसवून मी दरडावलं, "शिल्पाची नासधूस का करता?"

"नासधूस? अगो बाय, सातवा लागलाय तिला!" म्हातारी म्हणाली. "उन्हात उभी हाय, माहेरचं कोनी न्हाय. तेल-हलद कोन लावंल?"

बोलावून घेतलेला शिल्पकार ओरडला, "आजी, ती कांडी आहे!"

चौघींतली एक म्हणाली, "आमी जलमभर कांड्याच भरतो, बाबा. अशी पोटुशी कांडी न्हाय बघितली."

हवालदार भिंतीकडे तोंड करून हसला. मग शिल्पकारही. त्यालाच तोडगा सुचला. "अंगाला तेल-हळद नको. नुसत्या पाण्याने, मऊ फडक्याने न्हाऊ घाला. ओटी पायाशी ठेवा."

"चालंल. पन गानी म्हननार!" म्हातारीने बजावलं.

दर मंगळवारी कांडीला न्हाणं सुरू झालं. डाग फिके पडत गेले, मंडळानेही काढायचा विचार सोडला.

पण त्या दिवशी जबाबावर अंगठा उठवताना म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "फौजदारीणबाय, तुला तिसरा लागलाय ना गो?"

दिवस गेल्याचं ठाण्यात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. निऱ्यांच्या घोळात सगळं झाकलंय, या भ्रमात होते. जप्त केलेला खण-नारळ तासाभरात माझ्याच ओटीत पडला.

तेव्हापासून एक समजलं. एखादी वस्तू टिकवायची असेल, तर तिला जीव लावणाऱ्यांना हाकलू नये. हात कसा लावायचा तेवढं सांगावं. बाकी, त्या दिवशी चौकशी मी केली, पण छडा सुईणीने लावला.