स्कोपमधी काकू दिसलीच नाई

मित्रांनो, दोन तासाआधीची गोष्ट सांगतो.

आज जैनथला आमच्या शेतात एअर रायफलचा नवीन स्कोप झिरो करून राह्यलो होतो, म्हणजे दुर्बिणीतली खूण अन् नेम जुळवून राह्यलो होतो. कापसाच्या भरल्या पोत्याला टार्गेटचा कागद लावला होता. पेलेट, म्हणजे छर्रा, सारखं डावीकडं जायचं. स्कोपचा नॉब फिरवून फिरवून शेवटी बरोबर मधात लागलं. म्हटलं, खात्रीसाठी अजून एक मारू.

ट्रिगरवर बोट ठेवलं अन् कागद हलला. वाटलं, हवा असंल. पण दुसरा डोळा उघडून पाह्यलं, तर बाजूच्या कापसाच्या पराटीचं पान बी हलत नव्हतं. मी बोट काढलं.

तेवढ्यात पोतं आडवं झालं, अन् जिथं कागद होता तिथं माह्या काकूचं डोकं दिसलं. ती मागून वाकून पोतं ओढत होती.

"माह्या कापसाचं पोतं काऊन आणलं रे इथं?"

"काकू, मी नेम धरून राह्यलो होतो."

"मंग मी दिसली नाई तुले? आंधळा हायस का?"

मले चारपट मोठं दिसून राह्यलं होतं, पण फक्त तो कागद.

रायफल कव्हरमधी टाकली. खरं सांगा, झिरो करताना तुमच्या बाजूला लक्ष ठेवायला कोणी उभं राह्यते का? माह्या बाजूला आज कोणीच नव्हतं.