बांधावरचं गाजरगवत

आमच्या ह्यांना गाजरगवत बाधतं. आधी मनगटं खाजायला लागली, मग मान, मग पापण्या सुजून तोंडावरची कातडी जाड झाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बजावलं, हात लावायचं सोडा, फुलोऱ्यातल्या गवतावरून आलेला वाराही नको. शेतात जायचंच नाही. ज्या माणसाला जेवायलासुद्धा शेतातून हाका मारून आणावं लागायचं, तो पाचोडच्या घरात दार लावून बसायला लागला. मला ते बघवेना.

मी गवताच्या हात धुऊन मागे लागले. ओल असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं, हे ठाऊक होतं. हाताला पिशव्या बांधून बांध मोकळा करावा, तर पुढच्या पावसाला पुन्हा हिरवागार. बी वाऱ्यावर येतं, पाटाच्या पाण्यातून येतं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून येतं. आमच्या शेळ्या साबणाची वडीसुद्धा सोडत नाहीत, पण ह्या गवताला तोंड लावत नाहीत.

वैजापूरकडे माझं माहेर. तिथं भावाच्या बांधावर पांढुरके, काळ्या रेघांचे किडे गाजरगवताची पानं खाऊन नुसत्या काड्या ठेवत होते. भाऊ म्हणाला, हे दुसऱ्या पिकाला शिवत नाहीत. पाऊस संपला की मातीत जातात, पुढच्या पावसाळ्यात वर येतात. बरणीभर किडे मांडीवर घेऊन मी एसटीनं आले. शेजारच्या बाईनं बरणीत काय आहे विचारलं, मी खरं सांगितलं, तर तिनं जागाच बदलली.

किडे आमच्या बांधावर टिकले. पानांची चाळण व्हायला लागली. पुढच्या पेरणीला मी येतो, असं हे म्हणायला लागले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

एका सकाळी गेले, तर सगळे किडे मरून पडलेले. पलीकडच्या शेतात चुलत दीर फवारणीचा पंप धूत होते. मला बघून खुशीत म्हणाले, "वहिनी, तुमच्या बांधावर किडे लई झालते. औषध उरलंच होतं, तुमचा बी बांध मारून घेतला. उद्या कपाशीवर चढले असते."

भांडायची सोय नव्हती. बिचाऱ्यानं पदरचं औषध घालून आमचं भलंच बघितलं होतं. मीच त्यांना चहाला या म्हणाले, दुसरं काय म्हणणार? भावाला फोन केला, तर त्याच्याकडचे किडे नुकतेच मातीत गेलेले, आता पुढच्या पावसाळ्याशिवाय मिळायचे नाहीत.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ मान खाजवत बसले. मग म्हणाले, "त्यालाच बटईनं, निम्म्या वाट्यावर, देऊन टाक शेत. त्याला तरी खाजत नाय."