उस्तादांनी वाचलेल्या बातम्या

ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार, दुपारचे चार. रक्कम बाराशे दिरहम, म्हणजे तेवीसच्या भावाने सत्तावीस हजार सहाशे रुपये. हजर: मी, बायको, आठवीतली मुलगी आणि इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटवर तिला अरबी शिकवायला येणारे सुदानी उस्ताद. हे पैसे उस्तादांनी सुदानमधल्या थोरल्या बहिणीला पाठवून दोन महिने झाले होते. त्यात तिने बसने इजिप्तची सरहद्द गाठायची होती. ती जागची हलत नव्हती.

"टीव्हीवर इश्तिबाकात म्हणतात," उस्तादांनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "म्हणजे चकमकी. ती म्हणते, चकमकी काय, थांबतील आठ दिवसांत. या वलद, तू उगाच घाबरतोस."

या वलद म्हणजे ए पोरा. साठी उलटलेल्या उस्तादांना कोणी असं म्हणतं, याचं बायकोला फार हसू आलं.

मला मोजल्याशिवाय पटत नाही. मुलीला शेजारी बसवून मी ते अरबी चॅनेल अर्धा तास लावलं आणि कागदावर रेघा ओढल्या. दुसऱ्या एका देशाच्या बातम्यांत 'हर्ब', म्हणजे युद्ध, या शब्दाच्या रेघांनी ओळ भरली. सुदानच्या बातमीत एक रेघ, बाकी चकमकी. मग लक्षात आलं, मराठी पेपरात 'चकमक' दिसली की मीही आजवर पान उलटत आलो आहे.

"तिचा बातम्या वाचणाऱ्या त्या टायवाल्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही," उस्ताद म्हणाले.

"मग तुम्हीच व्हा टायवाले," बायको म्हणाली.

फोनवर नुसता आवाज जाणार होता, तरी त्यांनी माझा टाय मागून घेतला आणि आरशात बघून गाठ नीट केली. मुलीने रेकॉर्डिंग लावलं.

"उस्ताद, धिस इज चीटिंग."

"नो, हबीबती. बातमी तीच. एक शब्द मी दुरुस्त केला."

आणि निवेदकाच्या त्या भारदस्त अरबीत त्यांनी युद्धाच्या बातम्या वाचल्या. बहिणीच्या गल्लीचं नाव घेतलं. कोणती बेकरी बंद पडली, कोणत्या तीन घरांतली माणसं निघून गेली, सगळं सांगितलं. तिथून निसटलेल्या नातेवाइकांकडून त्यांना ते कळलं होतं.

मंगळवारी बहिणीचा निरोप आला. उस्तादांनी तो आम्हाला ऐकवला आणि अर्थ सांगितला: "आवाज तुझा आहे, या वलद, मी काय बहिरी आहे? पण त्या टायवाल्याने माझ्या गल्लीचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. निघते."

नवव्या दिवशी ती सरहद्दीवर पोहोचली. बाराशेपैकी हजार दिरहमइतकं भाडं तिने बसवाल्याला दिलं. उरलेले दोनशेही त्यालाच गेले, टपावर तिचं शिलाई मशीन ठेवू दिल्याबद्दल. उस्तादांच्या मते ते फार झाले.