पुसलेला धूमकेतू

शिवणकाम करणाऱ्या आक्काचा पारा चढला की आख्ख्या गल्लीला कळायचं. आणि त्या दिवशी तर कारणही तसंच होतं.

आकाश ओळखायला तिला अप्पांनी, तिच्या वडिलांनी, शिकवलं. आता त्यांचे डोळे अधू झालेले. तरी "फोटो मोठा करून आण, मला दिसतं" हा हेका सुटत नव्हता. म्हणून तर आक्कानं गच्चीवर कॅमेरा लावून एवढा खटाटोप केला. धूमकेतू भारी चंचल, ताऱ्यांमधून सारखा सरकणारा. खूप सारे फोटो एकावर एक रचताना तारे जुळवावेत तर हा फरफटतो, याला जुळवावं तर तारे फरफटतात. शेवटी दोन्ही वेगवेगळं करून तिनं बाही जोडावी तसं बेमालूम जोडलं. डावीकडे तारकागुच्छ, उजवीकडे गुलाबी तेजोमेघ आणि मधोमध शेपूट पसरून बसलेला हिरवट पाहुणा. हा पुन्हा येईल तेव्हा आक्काची नातवंडंसुद्धा नसणार.

मोठी प्रत तिनं स्टुडिओतून गुंडाळलेलीच आणली आणि थेट अप्पांपुढे उलगडली. अप्पांनी कागदाला नाक टेकवलं.

"वा गं पोरी! दिसला! शेपूट काय झोकदार आहे!"

आक्का हरखून वाकली. गुच्छ होता, मेघ होता. मधे नुसतं काळंभोर. धूमकेतूचा पत्ताच नाही!

गळ्यात टेप तशीच लोंबकळत असताना ती स्टुडिओत धडकली.

"माझा धूमकेतू कुठाय?"

"तो डाग होय?" फोटोवाला खुशीत हसला. "काढला की, ताई! लोकांच्या पुटकुळ्या काढतो ना, तसाच. हातच बसलाय आता."

"डाग? अहो, अक्कल गहाण टाकलीत का? हात लावायला सांगितलं कुणी तुम्हाला? उद्या चंद्र पुसाल!"

ओळखपत्राच्या फोटोसाठी केस विंचरणारं गिऱ्हाईक कंगवा डोक्यातच ठेवून बघत राहिलं.

"चुकलं, ताई. लगेच दुसरी काढून देतो. पण एवढं रडता कशाला?"

"रडत नाहीये मी!" आक्का ओरडली.

दुसरी प्रत तिनं तिथंच तपासून घेतली आणि घरी येऊन अप्पांपुढे ठेवली.

"मघाच्या फोटोत तो नव्हताच, अप्पा. पुसला होता मेल्यानं."

अप्पांनी कागदाकडे नेलेलं नाक मागे घेतलं.

"माझ्याशी खोटं बोललात?" तिचा आवाज पुन्हा चढला. "माझ्याशी?"

"तू एवढं केलंस गं माझ्यासाठी." अप्पांनी चाचपडत बोट पुढे केलं. "कुठे आहे तो?"

आक्कानं ते बोट धरलं आणि धूमकेतूच्या डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं.